किती आणि कुठे?

सातवीच्या वर्गात फळ्यावर −३ आणि −५ लिहावेत आणि विचारावे, ‘यातली मोठी संख्या कोणती?’ ‘उणे पाच’ म्हणणारे बरेच आवाज येतात. आपण मान हलवतो, संख्यारेषा काढतो, ‘उजवीकडची संख्या मोठी’ हा नियम सांगतो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतो. चाचणीत तेच उत्तर पुन्हा येते आणि आपण तांबडी फुली मारतो. पुढे परिमेय संख्या येतात. −३/४ मोठी की −५/६, असे विचारले की ज्यांना पूर्णांक जमले होते तीही मुले गोंधळतात. मग कोणाच्या तरी नावापुढे ‘गणित कच्चे’ असा शेरा पडतो, आणि तो पुसायला फार वर्षे लागतात.

आम्हांला वाटते की ‘उणे पाच’ म्हणणारे मूल चुकत असले तरी ते विचार न करता बोलत नाही. आपण एक प्रश्न विचारतो आणि ते दुसऱ्याच प्रश्नाचे बरोबर उत्तर देते. हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे ओळखायला गणिताच्या इतिहासात शेकडो वर्षे गेली. तो इतिहास आपल्याला माहीत असेल, तर फुली मारण्याआधी आपण थोडे थांबू.

देण्याची भाषा

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात जमा आणि उधार हे शब्द मुलांना नवे नसतात. माग चालवणाऱ्या घरातल्या एखाद्या मुलीला विचारा, ‘तीन हजारांचे देणे मोठे की पाच हजारांचे?’ ती क्षणाचाही विलंब न लावता सांगेल, ‘पाच हजारांचे.’ यात चूक काहीच नाही. आपणच वर्गात सांगितलेले असते की ऋण म्हणजे देणे. मग ऋण पाच हे ऋण तीनपेक्षा मोठे असे तिने म्हटले, तर दोष कोणाचा?

ही देण्याची भाषा फार जुनी आहे. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य यांच्यावरील क्रियांचे नियम सलग मांडलेले आहेत. दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची बेरीज ऋण. एक धन आणि एक ऋण असेल, तर दोहोंतले अंतर घ्यायचे, आणि दोन्ही सारखी असतील तर शून्य.

यातल्या तिसऱ्या नियमाकडे नीट पाहू या. सातचे धन आणि दहाचे ऋण एकत्र आले, तर अंतर तीन. हे तीन कसे आले? दहातून सात वजा करून. म्हणजे चिन्हे क्षणभर बाजूला ठेवली, नुसत्या ‘किती’ची तुलना केली, आणि मग ज्याचे ‘किती’ मोठे त्याचे चिन्ह उत्तराला दिले. आज ज्याला आपण संख्येचे केवलमूल्य म्हणतो, ते या नियमात काम करते आहे. त्याला वेगळे नाव मात्र दिलेले नाही.

वजाबाकीचा नियम तर आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी येतो. ब्रह्मगुप्त सांगतात की मोठ्या ऋणातून लहान ऋण वजा केले तर ऋण उरते, आणि लहानातून मोठे वजा केले तर अंतराचे चिन्ह उलटते. आकडे घालून पाहा. −५ मधून −३ वजा केले तर −२ येतात. −३ मधून −५ वजा केले तर +२ येतात. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पण नियमातले ‘मोठे ऋण’ कोणते? उणे पाच! आपल्या वर्गातल्या त्या मुलीने नेमके हेच म्हटले होते.

देण्याच्या भाषेचे बळ आणि तिची उणीव इथे एकदम दिसते. बेरीज-वजाबाकी शिकवायला ती उत्तम आहे. लहान-मोठेपणा शिकवताना मात्र ती मुलांना ‘किती’ या प्रश्नाकडे ओढते. क्रमाचा प्रश्न ‘किती’चा नसून ‘कुठे’चा आहे.

दिशेची भाषा

‘कुठे’ची भाषा आपल्याच मुलखात आढळते. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. आपले गाव सह्याद्रीच्या परिसरात असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची आणि त्याला मिळालेल्या दानाची नोंद त्यात आहे. गणिताच्या एका शाळेची ही नोंद शिक्षकांनी जाऊन पाहावी अशी आहे.

‘लीलावती’त भास्कराचार्यांनी एक त्रिकोण दिला आहे. त्याच्या दोन बाजू १० आणि १७, आणि पाया ९. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला, तर पायाचे दोन तुकडे किती लांबीचे होतील? रीतीप्रमाणे गणित केले की एक तुकडा १५ येतो आणि दुसरा ऋण ६. लांबी ऋण कशी असेल? भास्कराचार्य उत्तर टाकून देत नाहीत. ते सांगतात की ऋण म्हणजे उलट दिशेला. आकृती काढली की पटते. लंब पायाच्या बाहेर, पाया वाढवलेल्या रेषेवर पडतो. त्याची उंची ८. पायाच्या जवळच्या टोकापासून तो ६ वर आणि दूरच्या टोकापासून १५ वर. पंधरातून सहा गेले की नऊ, म्हणजे पायाची लांबी.

या एका उदाहरणात दोन्ही प्रश्न आहेत. लंब ‘कुठे’ पडला? उलट दिशेला. ‘किती’ अंतरावर? सहा. पायथागोरसचा नियम लावताना सहाचा वर्ग छत्तीसच येतो, चिन्ह काहीही असो.

तेच भास्कराचार्य ‘बीजगणित’ ग्रंथात मात्र एक ऋण राशी नाकारतात. वानरांच्या कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा केले, उरलेल्याचा वर्ग केला, तितकी वानरे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसले. एकूण वानरे किती? समीकरण सोडवले तर ५० आणि ५ अशी दोन उत्तरे मिळतात. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की ऋण दोन; वर्ग चार, आणि फांदीवरचे एक मिळून पाच. हिशेब जुळतो. तरी ते हे उत्तर घेत नाहीत, कारण प्रत्यक्ष राशी ऋण असावी हे लोकांना पटत नाही. रेषेला उलटी दिशा असते, वानरांना नसते. ऋण संख्येला अर्थ येतो तो ज्या गोष्टीला दोन बाजू आहेत तिथे, हे यावरून मुलांना छान सांगता येते.

युरोपातला घोळ

युरोपातही हा गोंधळ बराच काळ चालला. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या आर्नो यांनी शंका काढली. −१ चे १ शी जे गुणोत्तर, तेच १ चे −१ शी. पण −१ जर १ पेक्षा लहान असेल, तर लहानाचे मोठ्याशी आणि मोठ्याचे लहानाशी गुणोत्तर एकच कसे? शंका बिनतोड वाटते. तिचे मूळ ‘लहान’ या शब्दात आहे. गुणोत्तरात आपण लहान-मोठे म्हणतो ते ‘किती’च्या अर्थाने, आणि −१ लहान म्हणतो ते ‘कुठे’च्या अर्थाने.

इंग्लंडमधले वॉलिस यांनी १६८५ मध्ये छापलेल्या बीजगणिताच्या ग्रंथात एका सरळ रेषेवर चालणारा माणूस दाखवला. तो पाच वार पुढे गेला आणि आठ वार मागे आला, तर आता कुठे आहे? निघाल्या जागेच्या तीन वार मागे. आपली शाळेतली संख्यारेषा ती हीच.

केवलमूल्यासाठी दोन उभ्या रेघांचे चिन्ह आले ते त्याहूनही उशिरा. जर्मन गणिती वायरश्ट्रास यांनी १८४१ मधल्या एका निबंधात ते वापरले. हा निबंध छापून आला १८९४ मध्ये. वायरश्ट्रास तेव्हा विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. पुढची दहाहून अधिक वर्षे त्यांनी शाळांमध्येच शिकवले. ब्रह्मगुप्तांच्या नियमांपासून या चिन्हापर्यंत १२१३ वर्षे गेली. आपण मुलांकडून ते दोन-चार तासांत अपेक्षितो.

भिवंडीचे सूत

अपूर्णांकांचा क्रम शिकवताना भिवंडीच्या शिक्षकाला आणखी एक साधन हाताशी आहे. सुती धाग्याचा काउंट म्हणजे काय? ८४० वारांची एक लडी. अशा जितक्या लड्यांचे वजन एक पौंड भरेल, तितका काउंट. ४० काउंटची एक लडी १/४० पौंडाची, तर ६० काउंटची १/६० पौंडाची. काउंट जितका मोठा, तितके सूत बारीक. ‘छेद मोठा, तर अपूर्णांक लहान’ हा नियम पाठ न करता इथे बोटांना कळतो.

कृत्रिम धाग्याचे मोजमाप उलट आहे. ९००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. इथे आकडा मोठा तर धागा जाड. एकाच बाजारात दोन क्रम एकमेकांच्या उलट चालतात आणि व्यवहार बिघडत नाही, कारण कोणता आकडा कशाचा हे सर्वांना ठाऊक असते. वर्गातही एवढेच हवे.

आता मुलांना विचारा, १/४० आणि १/६० यांत मोठे कोण? १/४०. मग −१/४० आणि −१/६० यांत? एकदा छेदामुळे क्रम उलटला, एकदा ऋण चिन्हामुळे. म्हणून −१/६० मोठे. दोन उलट्या पायऱ्या वेगवेगळ्या दाखवल्या, तर मुले हरवत नाहीत.

दोरीवरचा तास

दीड मीटरभर दोरा घ्या आणि मधोमध गाठ मारा. ती गाठ म्हणजे शून्य. ६० सेंटिमीटर म्हणजे एक. मुलांना −३/४, २/३, −५/६, १/२ आणि −१/६ या संख्यांच्या चिठ्ठ्या द्या. आधी समच्छेद करून घ्यावा: −९/१२, ८/१२, −१०/१२, ६/१२, −२/१२. बाराव्या भागाला ५ सेंटिमीटर. म्हणजे चिठ्ठ्या शून्याच्या डावीकडे ४५, ५० आणि १० वर, उजवीकडे ४० आणि ३० वर लागतील. डावीकडून वाचले की क्रम मिळतो: −५/६, −३/४, −१/६, १/२, २/३.

मग दोरा शून्याच्या गाठीवर दुमडा. दोन्ही बाजू एकावर एक येतात, चिन्हे नाहीशी होतात आणि उरते ते गाठीपासूनचे अंतर. आता क्रम वेगळा: १/६, १/२, २/३, ३/४, ५/६. मघाशी सर्वांत लहान असलेली −५/६ आता सर्वांत दूर आहे. दोरा उलगडलेला असताना विचारायचे ‘कुठे?’, दुमडल्यावर विचारायचे ‘किती?’ केवलमूल्य म्हणजे दुमडलेल्या दोरीवरचे उत्तर.

एक सावधगिरी. छेद ऋण असेल तर आधी तो धन करून घ्यावा. १/−२ आणि १/३ यांचा तिरका गुणाकार तसाच केला तर ३ आणि −२ मिळतात आणि १/−२ मोठी ठरते, जे उघडच चूक आहे. −१/२ असे लिहून घेतले की अडचण राहत नाही.

पुढच्या वेळी कोणी ‘उणे पाच मोठे’ म्हणाले, तर फुली मारण्याआधी इतकेच विचारू या, ‘तू किती ते सांगितलेस. आता कुठे ते सांगशील?’ मूल बहुधा स्वतःच दोरीकडे वळून उत्तर दुरुस्त करील. आणि पहिले उत्तर अगदीच टाकाऊ नव्हते, ब्रह्मगुप्तांनीही ‘मोठे ऋण’ त्यालाच म्हटले होते, हेही त्याला जरूर सांगावे.