खारे पाणी आणि कोळसा : एका विद्येचा इतिहास

खारे पाणी गोडे करावयाचे म्हणजे पाणी उकळावे, त्याची वाफ धरावी आणि ती निववून प्यावी, हा मार्ग दर्यावर्दी लोकांस शतकानुशतके ठाऊक होता. परंतु घागरभर मचूळ पाण्यात पाणीच फार आणि मीठ अगदी थोडे असते. मग जे थोडे आहे तेच बाहेर का काढू नये? या साध्या प्रश्नातून गेल्या सहा दशकांत एक विद्या वाढीस लागली असून तिचा सारा भार कोळशावर आहे. वऱ्हाडात पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा ज्यांच्या परिचयाचा आहे, त्या बंधुभगिनींस हा विषय परका वाटणार नाही, या विश्वासाने आम्ही तो या स्मरणिकेत मांडीत आहो.

प्रथम तत्त्व पाहू. मीठ पाण्यात विरघळले म्हणजे त्याचे विद्युत्‌भारित कण होतात. त्यांस आयन म्हणतात. सोडियमचा आयन धनभारित, तर क्लोराइडचा ऋणभारित असतो. कोळशाच्या दोन पट्ट्या समोरासमोर ठेवून मधून पाणी वाहू द्यावे आणि त्यांना सुमारे १.२ व्होल्ट, म्हणजे टॉर्चमधील एका सेलपेक्षाही कमी, विद्युत्‌दाब द्यावा. सोडियम ऋणाग्राकडे व क्लोराइड धनाग्राकडे ओढले जाऊन कोळशाच्या छिद्रांत अडकून राहतात आणि मीठ कमी झालेले पाणी पुढे जाते. कोळसा भरला की वीज तोडावी किंवा उलटी फिरवावी. अडकलेले आयन सुटतात आणि थोड्या पाण्याबरोबर वाहून जातात. दाब फार वाढविला तर मात्र पाण्याचेच विघटन होऊ लागते.

या कामी कोळसाच का? तो वीज वाहून नेतो, पाण्यात विरघळत नाही आणि त्याच्या अंगी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. नारळाच्या करवंटीपासूनही जो सक्रिय कोळसा तयार करतात, त्याच्या एका ग्रॅमचा आंतरपृष्ठ सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाव एकर, भरू शकतो. आयनांस बसावयास जागा हवी. ती इतकी विपुल आणि इतकी स्वस्त अन्यत्र क्वचितच मिळेल.

आता इतिहासाकडे वळू. खारे पाणी गोडे करण्याच्या संशोधनास साहाय्य देण्यासाठी अमेरिकेने १९५२ साली कायदा केला आणि त्यासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापिले. त्या काळात ओक्लाहोमा विद्यापीठातील ब्लेअर व मर्फी यांनी सच्छिद्र कोळशाच्या विद्युदग्रांवर प्रयोग करून १९६० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोग खरे होते. मात्र त्यांचा अर्थ लावताना चूक झाली. कोळशाच्या पृष्ठभागावरील विशिष्ट रासायनिक गट आयनांशी संयोग पावतात, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे धन आयनांसाठी एका जातीचा आणि ऋण आयनांसाठी दुसऱ्या जातीचा कोळसा शोधण्यात पुष्कळ श्रम खर्ची पडले.

ही समजूत १९७१ साली जॉन्सन व न्यूमन यांच्या लेखाने मागे पडली. भारित पृष्ठभागालगत विरुद्ध भाराच्या आयनांचा थर जमतो, हा विचार हेल्महोल्ट्‌झने १८५३ मध्येच मांडला होता. सच्छिद्र कोळशातही मुख्यत्वे हेच घडते, हे या दोघांनी गणिताने दाखविले. मीठ किती धरले जाईल हे मुख्यतः छिद्रांतील उपलब्ध पृष्ठभागावर व विद्युत्‌दाबावर ठरते, हे त्यातून स्पष्ट झाले. मार्ग मोकळा झाला, पण साधन टिकेना. पुनःपुन्हा भरताना व रिकामा करताना धनाग्राचा कोळसा हळूहळू ऑक्सिडीकृत होई आणि त्याची धारणशक्ती घटे. या अडचणीपायी अमेरिकेतील काम थंडावले. इस्राएलमध्ये ओरेन व सोफर यांनी मात्र १९७० च्या दशकात हा विषय जिवंत ठेवला.

पुढील पाऊल नव्या पदार्थाने टाकविले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत पेकाला यांनी १९८९ साली रिसॉर्सिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून अतिशय हलका, सच्छिद्र एरोजेल बनविण्याची रीत प्रसिद्ध केली. तो हवेवाचून भाजला की अखंड, वीजवाहक कार्बन हाती येतो. १९९६ साली फार्मर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची विद्युदग्रे वापरून मीठ काढून दाखविले आणि जगभर पुन्हा उत्साह संचारला. पण एरोजेल महाग पडला, आणि बहुतेक संशोधक पुन्हा साध्या सक्रिय कोळशाकडे वळले.

आणखी एक उणीव होती. कोळसा भरताना बरीचशी वीज छिद्रांत आधीच असलेल्या समभारी आयनांना बाहेर लोटण्यात वाया जाई. यावर उपाय म्हणून कोळशापुढे एकाच जातीच्या आयनांना वाट देणारे पातळ पटल बसविण्यात आले. अशा रचनेचे पेटंट अँडलमन व वॉकर यांना २००४ साली अमेरिकेत मिळाले. २०१३ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी कोळशाची पट्टी न वापरता कोळशाची पूड पाण्यात कालवून ती वाहती ठेवण्याची युक्ती प्रसिद्ध केली.

एवढे वाचून समुद्राचे पाणी आता करवंटीच्या कोळशाने गोडे होईल, असे कोणी मानू नये. सामान्य सक्रिय कोळसा एका खेपेस प्रतिग्रॅम १० ते १५ मिलिग्रॅम मीठ धरतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते एकाच खेपेत काढावयाचे तर सुमारे सव्वादोन ते साडेतीन किलो कोळसा लागेल. उलट ज्या विहिरीच्या पाण्यात लिटरला २ ग्रॅम क्षार आहेत, ते भारतीय मानकाच्या इष्ट मर्यादेपर्यंत, म्हणजे अर्ध्या ग्रॅमवर, आणण्यास १०० ते १५० ग्रॅम कोळसा पुरे होतो. तोच कोळसा पुढच्या खेपेस पुन्हा कामी येतो. म्हणून या विद्येचे खरे क्षेत्र समुद्र नसून मचूळ पाण्याची विहीर हे होय.

दोन प्रश्न मात्र उरतात. धनाग्र वर्षानुवर्षे कसे टिकवावे, हा पहिला. कोळसा धुताना निघालेले अतिखारे पाणी कोठे सोडावे, हा दुसरा. ते शेतात किंवा ओढ्यात सोडले, तर एका घरचे पाणी गोडे होऊन शेजाऱ्याची जमीन खारी होईल. आमच्या ज्ञातीतील जे विद्यार्थी रसायनशास्त्र वा अभियांत्रिकी शिकत आहेत, त्यांनी या दोन प्रश्नांकडे लक्ष द्यावे, आणि ज्या वडीलधाऱ्यांच्या गावी विहिरी मचूळ आहेत, त्यांनी कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी आपल्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण तपासून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.