जमीन वाटायची नाही, उत्पन्न वाटायचं: गोव्याच्या गावकरीची गोष्ट

आजचा एपिसोड जमिनीच्या वाटणीवर आहे. ‘हा तर घरातल्या मोठ्यांचा विषय’ असं म्हणून पुढे ढकलू नका, कारण सातबाऱ्यावर आज ना उद्या तुमचंही नाव लागणार आहे.

आधी साधं गणित बघू. आजोबांची आठ एकर जमीन. त्यांना चार मुलं, म्हणजे प्रत्येकाला दोन एकर. त्या प्रत्येकाला दोन मुलं, म्हणजे एक-एक एकर. शिवाय वाटणी न्याय्य हवी, म्हणून विहिरीजवळचा तुकडा सगळ्यांना थोडा थोडा, माळावरचाही थोडा थोडा. तीन पिढ्यांत शेताचे रुमाल होतात.

हे कुणी प्रत्यक्ष मोजलंय का? हो. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला आणि तो १९१७ साली पुस्तकरूपाने आला. तेच पिंपळे सौदागर, जिथे आज टॉवर आणि मॉल आहेत. तेव्हा ते छोटंसं शेतकरी गाव होतं. मान यांना काय दिसलं? १५६ जमीनमालक आणि त्यांचे ७२९ वेगवेगळे तुकडे. त्यातले ४६३ एक एकराहून लहान आणि ११२ तर पाव एकराहून, म्हणजे दहा गुंठ्यांहून लहान. यावर सरकारने शोधलेला उपाय म्हणजे १९४७ चा तुकडेबंदी कायदा. ठराविक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा करायचा नाही, असा वरून आलेला नियम. तो किती पाळला गेला, हे गावोगावच्या ‘एक गुंठा, दोन गुंठे’च्या व्यवहारांवरून तुम्हाला ठाऊक आहेच.

आता प्रश्न असा, की हाच नियम गावाने स्वतः, आतून केला असता तर? अशी गावं होती. लांब नाही, सावंतवाडीच्या पलीकडे, गोव्यात.

गोव्यात या व्यवस्थेला म्हणतात गावकरी. ज्या कुळांनी पहिल्यांदा जंगल तोडून, खाडीला बांध घालून गाव वसवलं, त्यांचे वंशज म्हणजे गावकार. त्यांच्या कुळांना वांगड म्हणायचे. गावाची बहुतेक शेतजमीन कुणा एकाच्या नावावर नव्हती, ती गावकरीची होती. ठरावीक मुदतीने, साधारणपणे दर तीन वर्षांनी, शेतांची पावणी म्हणजे लिलाव व्हायचा. ज्याने बोली जिंकली तो शेत कसायचा आणि खंड भरायचा. त्या पैशातून आधी राजाचा सारा, मग देवळाचा खर्च, बांधाची दुरुस्ती, गावच्या सेवेकऱ्यांचा मोबदला. एवढं करून जे उरेल ते गावकारांत वाटायचं. या वाट्याला नाव जोण. कुठे तो डोईमागे मिळायचा, कुठे वांगडांच्या हिशेबाने.

मुद्दा लक्षात आला का? पिंपळे सौदागरला वारसाला जमिनीचा तुकडा मिळत होता. इथे वारसाला मिळत होता उत्पन्नाचा हिस्सा. मुलं वाढली तर जोण लहान व्हायची, पण शेत तेवढंच राहायचं. आणि वर्ष तोट्यात गेलं तर? तरी सारा चुकत नसे. तो गावकारांनी मिळून भरायचा. नफ्याबरोबर तोटाही सामाईक होता.

पण लोकांनी हे स्वीकारलं का? गोव्याची माणसं काही वेगळ्या मातीची नव्हती. कारण बरंचसं मातीतच होतं, शब्दशः. खाडीकाठची खाजन जमीन बघा. ही भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली शेतं. मातीचे लांबच लांब बांध खारं पाणी अडवतात. बांधात ‘मानस’ नावाचं लाकडी दार असतं. भरतीला पाण्याच्या दाबाने ते बंद होतं, ओहोटीला उघडतं आणि आतलं पाणी बाहेर जातं. आत कोरगुट नावाचा खारवट मातीत तग धरणारा भात होतो, आणि मानशीजवळच्या पाण्यात मासे, कोळंबी मिळते. त्या मासेमारीचाही लिलाव व्हायचा. गोव्यात अशी खाजनं सुमारे १८ हजार हेक्टर आहेत.

आता विचार करा. बांध एकच, शेतं शंभर. बांधाला एका जागी भगदाड पडलं की खारं पाणी सगळ्यांच्या शेतात. आणि एकदा मीठ बसलं की ते धुऊन जायला काही पावसाळे जावे लागतात. अशा जागी ‘माझा तुकडा मी बघतो’ म्हणून चालत नाही. बांध सामाईक, म्हणून जमीन सामाईक. नियम आधी गरजेतून आला.

पोर्तुगीज १५१० मध्ये आले. ही व्यवस्था मोडण्यापेक्षा तिच्याकडून सारा वसूल करणं त्यांना सोपं वाटलं. १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया या महसूल अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गावांचे रीतिरिवाज लिहून काढले. त्या दस्तऐवजाला ‘फोराल’ म्हणतात. आपल्याला गावकरीबद्दल जे तपशील कळतात, त्यातले बरेचसे तिथूनच येतात. पोर्तुगीजांनी या संस्थेला नाव दिलं कोमुनिदाद.

लिहून ठेवल्याने गावकरी टिकली, पण बदललीही. १५४० नंतर तिसवाडीतली देवळं पाडली गेली आणि देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवलं गेलं. पुढे नियमांवर नियम आले. १९०४ मध्ये संपूर्ण कोमुनिदाद संहिता आली, आणि शेवटची संहिता आली एप्रिल १९६१ मध्ये, गोवा मुक्त होण्याच्या अवघे आठ महिने आधी. आश्चर्य म्हणजे तीच संहिता, दुरुस्त्यांसह, आजही लागू आहे. पण गावाचा निर्णय गावाच्या बैठकीत संपेनासा झाला होता. वर सरकारी प्रशासक बसला होता.

आता इथे थोडं थांबू. हे ऐकून ‘वा, काय सुंदर लोकशाही’ असं वाटत असेल, तर दुसरी बाजूही ऐका. गावकार म्हणजे सगळं गाव नव्हे. शेतात राबणारे अनेक जण, दुसऱ्याच्या जागेत घर बांधून राहणारे मुंडकार, बाहेरून आलेले लोक, यांना बैठकीत जागा नव्हती. बायकांना तर नाहीच. जोण बापाकडून मुलाकडे जायची, मुलीकडे नाही. म्हणजे जमिनीचे तुकडे झाले नाहीत हे खरं, पण त्याची किंमत कुणीतरी मोजत होतं.

म्हणूनच मुक्तीनंतर जे झालं ते समजण्यासारखं आहे. १९६४ मध्ये कूळ कायदा आला. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळांना मालकी मिळाली. मुंडकारांसाठी १९७५ मध्ये वेगळा कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांना हक्क मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. गावचा कारभारही पंचायतीकडे गेला.

पण मग बांध कुणाचा? खंड थांबला, तशी गावकरीची तिजोरी आटली. बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. काही ठिकाणी त्या चांगल्या चालल्या, बऱ्याच ठिकाणी नाही. शेतीत फायदा उरला नव्हता, मुलं नोकरीला किंवा परदेशी गेली होती. काही ठिकाणी मासळी जास्त मिळावी म्हणून मानशीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं गेलं आणि शेतं खारी झाली. पूर्वी भाताचा हिशेब आणि माशांचा हिशेब एकाच बैठकीत व्हायचा. आता दोन वेगळ्या माणसांचे दोन वेगळे हिशेब झाले.

आणि दुसरीकडे जमिनीचे भाव चढले. कोमुनिदादच्या जमिनीवर घरं उभी राहिली. काही गरजेपोटी, काही संधी साधून. ती नियमित करायची की नाही, यावर गोव्याचं राजकारण आजही तापतं. गोव्यात दोनशेहून अधिक कोमुनिदादी आहेत, आणि प्रत्येकीपुढे हाच पेच आहे: नियम पाळायचा तर घर पाडावं लागतं, घर वाचवायचं तर सामाईक जमीन कायमची जाते.

मग यातून आपण काय घ्यायचं? जुनी गावकरी जशीच्या तशी परत आणा, असं मी म्हणणार नाही. ती परत येणारही नाही. पण तिने एक गोष्ट करून दाखवली: हक्क वाटता येतो, उत्पन्न वाटता येतं, त्यासाठी जमीन फाडावी लागत नाही. चुकलं ते हे, की वाटेकरी कोण हे जन्मावरून ठरलं. पुढे वाटेकरी वाढवताना सामाईक कामाची व्यवस्था मात्र कुणी नीट लावली नाही.

तुमच्या घरात वाटणीचा विषय निघेल तेव्हा ‘कुणाला किती’ हा प्रश्न सगळेच विचारतील. तुम्ही अजून एक विचारा. विहीर, पाट, बांध, वाट, जे कापून वाटता येत नाही, ते सांभाळणार कोण? आणि उत्तर मिळालं तर ते कागदावर लिहून घ्या.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या गावात अशी सामाईक जमीन असेल, गायरान असेल, देवराई असेल, तर तिचे नियम काय आहेत ते घरातल्या जुन्या माणसांना विचारा आणि आम्हाला कळवा.