डांगचें पाणी

“त्याला तेथलें पाणी लागलें” हें वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणें उच्चारलें जातें कीं, त्यांत एक संपूर्ण वैद्यकीय सिद्धान्त दडलेला आहे, हें बोलणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या ध्यानांतही येत नाहीं. मुलगी सासरीं जाऊन फिकट पडली, तर तिला तिकडचें पाणी मानवलें नाहीं. बदलीच्या गांवीं गेलेल्या कारकुनानें महिनाभरांत अंथरूण धरलें, तर त्याला पाणी बाधलें. आणि परगांवीं शिकावयास गेलेला मुलगा अंगानें भरून परत आला, तर तेंही पाण्याचेंच यश! अन्नास, झोंपेस, काळजीस ह्या निवाड्यांत सहसा कोणी विचारीत नाहीं.

ह्या समजुतीचा इतिहास पाहावयाचा, तर सुरगाण्याइतकें योग्य ठिकाण नाशिक जिल्ह्यांत दुसरें क्वचितच सांपडेल. जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यांत, सह्याद्रीच्या उतरत्या डोंगरांत आणि गुजरातच्या डांगाला लागून हा मुलूख आहे. नार व पार ह्या नद्या येथून पश्चिमेकडे वाहत जातात; हातगडचा किल्ला ह्याच तालुक्यांत. वस्ती मुख्यत्वें कोकणा, वारली, महादेव कोळी व भिल्ल लोकांची. देशमुख घराण्याचें येथें एक लहानसें संस्थान होतें. तें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन होऊन नाशिक जिल्ह्यास जोडलें गेलें. पावसाळा येथें मोठा, रान दाट, आणि पावसाळा सरतां सरतां येणारा ताप ठरलेला. त्यामुळें पेठ-सुरगाण्याची बदली म्हणजे शिक्षाच, असें नाशिककडील नोकरमंडळी पिढ्यान्‌पिढ्या समजत आली. “डांगचें पाणी वाईट” एवढें म्हटलें कीं, पुढें कांहीं बोलावें लागत नसे.

आमच्या घराण्यांतील एक वडीलधारे गृहस्थ संस्थानी अमदानींत त्या बाजूस शिक्षक म्हणून गेले होते. निघतांना त्यांच्या सामानांत सुंठ होती, ओवा होता, आणि पाणी उकळण्यासाठीं एक मोठें तपेलें होतें. ज्येष्ठांत गेले आणि कार्तिकांत परतले ते पांढरेफटक होऊन, पाणथरी वाढून, दर तिसऱ्या दिवशीं भरणारी हुडहुडी बरोबर घेऊन. सहा महिन्यांत न उकळलेल्या पाण्याचा थेंब पोटांत गेला नाहीं, असें ते शपथेवर सांगत. तरीही घरांतील सर्वांचा निकाल एकच: पाणी लागलें! उकळलेलें पाणी कसें लागलें, हा प्रश्न कोणी विचारला नाहीं; कोणी तरी फार तर एवढेंच म्हणालें कीं, तें पाणी उकळूनही सुधारण्यासारखें नाहीं.

ह्या निकालाबद्दल आम्हीं आमच्या वडील पिढीस हसावें, असें मात्र नाहीं. त्यांच्यामागें मोठी परंपरा उभी होती. आयुर्वेदानें देशाचे जांगल, आनूप व साधारण असे भेद करून, पाणी व झाडी ज्यांत फार त्या आनूप देशांत कोणते विकार बळावतात, हें सांगून ठेविलें आहे. पावसाच्या आरंभीं पालापाचोळा, किडे व घाण मिसळलेलें नवें पाणी पिणारास व त्यांत स्नान करणारास रोग जडतात, असें सुश्रुत बजावतो. ठराविक दिवसांनीं उलटणाऱ्या तापांस तृतीयक, चतुर्थक अशीं नांवें देण्याइतकें सूक्ष्म निरीक्षण त्या वैद्यांनीं केलें होतें. रोगजंतूंची वाढ ४८ किंवा ७२ तासांनीं पुरी होते व म्हणूनच ताप ठराविक वेळेस चढतो, हें इटलींत गोल्जीनें दाखविलें तें १८८५ नंतर. आपल्याकडे ती पाळी बोटांवर मोजली जात होती, तिचें कारण तेवढें हातीं लागलें नव्हतें.

पश्चिमेचीही अवस्था निराळी नव्हती. ‘मलेरिया’ ह्या इटालियन शब्दाचा अर्थच मुळीं ‘वाईट हवा’. आपण पाण्यास दोष देत होतों, ते हवेस देत होते, एवढाच काय तो फरक. हिंदुस्थानांत आलेले इंग्रज अधिकारी कुजलेल्या पानांतून उठणाऱ्या वाफेला भीत, संध्याकाळ झाली कीं खिडक्या लावून घेत आणि जंगलांतल्या पाण्याबद्दल आपल्याइतकाच संशय बाळगीत. १८८० सालीं लाव्हरां ह्या फ्रेंच लष्करी डॉक्टरानें अल्जीरियांत रोग्याच्या रक्तांत हिवतापाचा जंतु प्रत्यक्ष पाहिला. परंतु तो रक्तांत शिरतो कोठून, ह्याचें उत्तर त्यानंतरही बरींच वर्षें मिळालें नाहीं.

येथें ह्या इतिहासांतील सर्वांत मौजेची गोष्ट येते. डांसाचा ह्या तापाशीं संबंध असावा, असें लंडनच्या पॅट्रिक मॅन्सननें १८९४ सालीं सुचविलें खरें. पण त्याची कल्पना अशी कीं, रोग्याचें रक्त प्यालेला डांस पाण्यांत मरून पडतो, जंतु त्या पाण्यांत उतरतात, आणि तें पाणी प्यालें म्हणजे माणसास ताप येतो. म्हणजे आमच्या आजीबाईंचा “पाणी लागलें” हा सिद्धान्त त्या वेळच्या अग्रगण्य शास्त्रज्ञासही मान्य होता! त्याच्या सांगण्यावरून रोनाल्ड रॉसनें १८९५ सालीं सिकंदराबादेस डांस मेलेलें पाणी माणसांना पाजून पाहिलें. पहिल्याच माणसास थोडा ताप आला आणि रॉसला हर्ष झाला. पण पुढील प्रयोगांत तें पाणी पिऊनही माणसें ठणठणीत राहिलीं. पहिल्याच खेपेस आलेल्या त्या योगायोगाच्या तापावर तो विसंबून राहिला असता, तर पाणी दोषी ठरून खटला तेथेंच संपला असता. तो तसा राहिला नाहीं, ह्यांतच त्याची थोरवी आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजीं, हुसेनखान नांवाच्या रोग्यास चावलेल्या एका विशिष्ट जातीच्या डांसाच्या पोटांत त्याला तो जंतु दिसला. पुढील वर्षीं कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर त्यानें जंतूचें संपूर्ण चक्र उलगडलें, आणि त्याच वर्षीं इटलींत ग्रासी व त्याचे सहकारी यांनीं माणसाबाबत तेंच सिद्ध केलें. जंतु पाण्यांतून जात नाहीं. तो डांसाच्या सोंडेंतून जातो.

हवेची सुटका १९०० सालीं झाली. रोमजवळच्या तापकरी दलदलींत सँबन व लो हे दोन डॉक्टर संबंध उन्हाळा एका झोंपडींत राहिले. दारांखिडक्यांस बारीक जाळी. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत आंत राहावयाचें. कोयनेल घ्यावयाचें नाहीं. रात्रीची ती कुप्रसिद्ध हवा जाळींतून बिनदिक्कत आंत येत होती. भोंवतालचीं माणसें तापानें फणफणत असतां ह्या दोघांस कांहीं झालें नाहीं.

मग डांगांतला नवखा माणूसच तेवढा आजारी कां पडे? पाणी लागण्याच्या समजुतीस खरें बळ मिळालें तें येथें. तेंच पाणी पिणारा कोकणा शेतकरी नांगर धरी आणि नाशिकचा मास्तर अंथरुणांत कुडकुडे. तेव्हां ज्याला संवय आहे त्यास पाणी मानवतें, नसेल त्यास बाधतें, हें अनुमान कोणीही काढील. आतां आपणांस ठाऊक आहे कीं, लहानपणापासून वारंवार हिवताप होऊन गेलेल्याच्या शरीरांत त्याविरुद्ध अर्धवट प्रतिकारशक्ति येते. ही शक्ति फुकट मिळत नाहीं. तिची किंमत त्या पाड्यांवरील लहान मुलें देत. जीं वांचत, त्यांचेंच पुढें “ह्या लोकांना हें पाणी मानवतें” म्हणून कौतुक होई. जीं वांचत नसत, त्यांची गणती बदलीला भिणाऱ्या आमच्या मंडळींपैकीं कोणी केली, असें ऐकिवांत नाहीं. महाराष्ट्रांतील अनेक आदिवासी जमातींत आढळणारा सिकलसेलचा रक्तदोष हाही ह्याच जुन्या झगड्याची खूण आहे. आईबापांपैकीं एकाकडून तो आला तर जीवघेण्या हिवतापापासून बरेंच संरक्षण मिळतें, हें १९५४ सालीं ॲलिसननें आफ्रिकेंत दाखविलें. पण तो दोघांकडूनही आला म्हणजे मुलाच्या वाट्यास जन्मभराचा कठीण आजार येतो.

खळखळून वाहणारें निवळ पाणी उत्तम, ही आपली समजूत पिण्यापुरती पुष्कळशी ठीक. पण डोंगरपायथ्याच्या मुलखांत हिवताप पसरविणारी डांसाची एक प्रमुख जात नेमक्या असल्याच स्वच्छ, मंद वाहत्या ओहोळांच्या कांठीं अंडीं घालते. पाणी अगदींच निर्दोष होतें असें नाहीं, तर! तें गुन्हेगाराची आई होतें, गुन्हेगार नव्हे.

जुन्या संवयींकडे ह्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे मोठी गंमत वाटते. दिवेलागणीनंतर लहान मुलास बाहेर नेऊं नये, ही घरोघरची शिस्त. कारण बाधेचें सांगत, पण हिवतापाचे डांस रात्रींच चावतात, तेव्हां शिस्त उत्तम. तिन्हीसांजेस निंबाच्या पाल्याची धुरी दृष्ट काढण्यासाठीं म्हणून करीत. डांस कांहीं वेळ तरी दूर राहत. भाद्रपदांत काकडी खाल्ल्यानें हिवताप येतो, हें मात्र निव्वळ सोबतीचें पाप: काकडी आणि ताप एकाच महिन्यांत येतात, म्हणून बिचारी काकडी बदनाम. रात्रीं झाडाखालीं निजूं नये, कारण झाड विषारी वायु सोडतें, असें हल्लींचीं शिकलेलीं माणसेंही सांगतात. झाड रात्रीं कार्बनवायु सोडतें हें खरें. पण उघड्यावर त्याचें प्रमाण इतकें अल्प कीं, शेजारीं निजलेला माणूस त्याहून अधिक सोडतो. कोयनेलाविषयीं तक्रार अशी कीं, तें ‘उष्ण’ आहे आणि कान बधिर करतें. कानांत गुणगुण होते हें खरें, आणि औषध थांबवितांच ती जातेही. पण तेवढ्यावरून दोन दिवसांत पुड्या फेकून देणारे लोक महिन्याभरानें पुन्हां तापत, आणि दोष पुन्हां पाण्याकडे जाई.

हें सर्व सांगितल्यावर पाण्याच्या बाजूनेंही कांहीं सांगितलें पाहिजे. नाहीं तर वाचक उद्यांपासून ओढ्याचें पाणी ओंजळीनें पिऊं लागतील. महामारी पाण्यांतून पसरते, हें लंडनमध्यें जॉन स्नोनें १८५४ सालीं दाखविलें, आणि तिचा जंतु कॉखनें १८८४ सालीं कलकत्त्यास तलावाच्या पाण्यांतही शोधून काढला. विषमज्वर, कावीळ, हगवण ह्या बाबतींत “पाणी बाधलें” हें वाक्य अक्षरशः खरें. नारू तर सर्वस्वीं पाण्याचाच. पायऱ्यांच्या विहिरींत नारूचा रोगी उतरे, त्याच्या पायांतील किडा पाण्यांत पिलें सोडी, तीं सूक्ष्म जलकीटकांच्या पोटांत जात, आणि तें पाणी पिणारास वर्षभरानें नारू होई. ह्यावरचा उपाय आपल्या घरांत केव्हांचाच होता: पाणी फडक्यानें गाळून घेणें. धर्मशास्त्रानें व विशेषतः जैनांनीं तो जीवहिंसेच्या भीतीनें सांगितला. सरकारनें १९८३-८४ पासून नारूच्या उच्चाटनासाठीं तोच गांवोगांव शिकविला. १९९६ च्या जुलैंत राजस्थानांत शेवटचा रोगी आढळला आणि २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. बांगला देशांत जुन्या साडीचे चार पदर करून पाणी गाळल्यानें महामारीचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिसून आलें. सुश्रुताचें बजावणें पोटाच्या रोगांस लागू पडतें. आम्हीं तें तापास लावलें, एवढीच चूक.

हिवतापाचा डांगांतील दरारा मोडला तो डी. डी. टी.च्या फवाऱ्यानें. मुंबई प्रांतांत कानडा व धारवाड जिल्ह्यांत डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखालीं १९४६ च्या सुमारास ह्या फवारणीचा मोठा प्रयोग झाला, आणि १९५३ सालीं देशभर मोहीम निघाली. त्यापूर्वीं देशांत दरसाल सुमारें साडेसात कोटि लोकांस हिवताप होई व आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास रोग्यांची संख्या लाखावर आली. रक्त पिऊन जड झालेला डांस घराच्या भिंतीवर टेंकतो, म्हणून औषध भिंतीवर फवारावयाचें. परंतु आमच्या गृहिणींची भिंत सारवण्याची संवय! फवारा मारून माणसें गेलीं कीं, ते पांढरे डाग नजरेस खुपत, आणि सण जवळ आला म्हणजे शेणमातीचा स्वच्छ हात फिरे. औषध खालीं, सारवण वर, आणि डांस निर्धास्त. पुढें डांसांनींही औषध पचविलें, मोहीम सैलावली, आणि १९७६ सालीं रोग्यांची संख्या पुन्हां चौसष्ट लाखांवर गेली. आज महाराष्ट्रांत हिवतापाचें नांव निघालें म्हणजे सुरगाण्यापेक्षां गडचिरोलीचें अरण्य आणि मुंबईचीं इमारतींवरील टांकींच आधीं आठवतात.

सुरगाण्याच्या पाण्याची आजची तक्रार निराळी आहे. एवढा पाऊस झेलूनही चैत्र-वैशाखांत कित्येक पाड्यांवरील बायका हंडे घेऊन दरींतल्या झऱ्यापाशीं थांबतात. वाटीवाटीनें पाणी उपसावें लागतें, आणि जें मिळेल तें गढूळ असलें तरी घरीं न्यावें लागतें. त्या पाण्यानें पोट बिघडलें तर “पाणी लागलें” असेंच म्हणतील, आणि ह्या खेपेस तें बरोबरही असेल.

आमच्या त्या वडीलधाऱ्या गृहस्थांचें तपेलें अद्याप घरांत आहे. त्यांच्या पत्नीनें आग्रहानें बरोबर दिलेली मच्छरदाणीही त्यांच्यासोबतच परत आली होती. सहा महिन्यांत तिची घडी मोडली नव्हती. पुढें कित्येक उन्हाळे ती गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर पसरण्याच्या कामीं आली.