‘मॅक्सीन’ : एका नावाची साक्ष

पदार्थाचे नाव पुष्कळदा त्याच्या शोधाची साक्ष देते. परंतु ती साक्ष कोठवर ग्राह्य धरावी, हा प्रश्न उरतोच. ‘मॅक्सीन’ हे नाव या दृष्टीने उद्बोधक आहे.

त्याचे मूळ ‘मॅक्स’ या संज्ञेत आहे. संक्रमणी धातू (एम), ॲल्युमिनियम वा सिलिकॉन यांसारखे मूलद्रव्य (ए) आणि कार्बन अथवा नायट्रोजन (एक्स) यांच्या थरांनी बनलेल्या संयुगांना ती लावतात. अशी अनेक संयुगे व्हिएन्ना येथे नोवोट्नी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात शोधली. १९९६ पासून फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील बारसूम यांच्या संशोधनामुळे त्यांच्याकडे नव्याने लक्ष वेधले गेले.

२०११ मध्ये त्याच विद्यापीठात नागिब, गोगोत्सी, बारसूम प्रभृतींनी टायटॅनियम-ॲल्युमिनियम कार्बाइडाची भुकटी हायड्रोफ्लोरिक आम्लात ठेवली. आम्लाने ॲल्युमिनियमचे थर तेवढे विरघळविले व कार्बाइडाचे, सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे, पापुद्रे मागे राहिले. पदार्थातून ‘ए’ गेला, म्हणून रोमन लेखनातूनही ते अक्षर गाळण्यात आले आणि ग्राफीनशी साम्य सुचविणारा ‘ईन’ हा प्रत्यय जोडला गेला. उच्चारात मात्र गाळलेला स्वर टिकून राहिला.

हे पापुद्रे धातूप्रमाणे वीज वाहतात. शिवाय पृष्ठभागावर चिकटलेल्या ऑक्सिजन, हायड्रॉक्सिल इत्यादी गटांमुळे ते पाण्यात सहज पसरतात. असे दोन गुण एकत्र क्वचितच आढळतात. विद्युत्संचयासाठी व विद्युत्-चुंबकीय लहरी अडविण्यासाठी त्यांचा विचार होऊ लागला, तो यामुळेच. परंतु पाणी व ऑक्सिजन यांच्या सान्निध्यात त्यांचे ऑक्सिडीकरण होते, आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल अत्यंत घातक आहे. २०१४ मध्ये लिथियम फ्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या मिश्रणाने काहीसा सौम्य मार्ग दाखविला. तरी ‘ए’चे थर काढून टाकणे हेच तत्त्व कायम होते.

२०२३ मध्ये शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी टायटॅनियम, ग्रॅफाइट व टायटॅनियम टेट्राक्लोराइड यांपासून हा पदार्थ थेट घडविला. तेथे काढून टाकण्याजोगा ‘ए’ मुळातच नव्हता. तरीही नाव तेच राहिले. आपल्याकडे तिळापासून निघणाऱ्या ‘तैला’चे ‘तेल’ झाले व ते मोहरीलाही लागू पडले, तसाच हा प्रकार होय. यौगिक शब्द येथे रूढ झाला आहे. त्याची व्युत्पत्ती २०११ चा प्रयोग सांगते. समोरच्या नमुन्याची घडण मात्र प्रत्येक वेळी स्वतंत्रपणेच तपासावी लागते.