भुयार हवं!

गडाखालचं भुयार लागलं की माझी कादंबरी सुरू होते. त्याआधीची शंभर पानं म्हणजे नुसतं नमन. पलित्याचा उजेड, बुरखेवाला, त्याच्या तावडीत नायिका आणि बाहेर ऐन अमावास्या! यात इतिहास कुठं आहे, असं विद्वान विचारतात. विचारोत बापडे.

हा माल मूळचा विलायती. होरेस वॉलपोल साहेबानं १७६४ साली ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’ छापली आणि खुशाल ठोकून दिलं, की हे एका जुन्या इटालियन पोथीचं भाषांतर आहे! पुस्तक खपल्यावर दुसऱ्या आवृत्तीत खरं सांगितलं आणि वर ‘गॉथिक कथा’ असा शिक्काही मारला. आपल्याकडे रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची, गुंजीकरांचा ‘मोचनगड’ १८७१ चा. पण माझं दैवत ‘वीरधवल’कार नाथमाधव. शिकारीच्या नादात सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले, कमरेखालचं अंग लुळं पडलं, आणि मग लेखणी धरली. लेखक खाटेवर, नायक मात्र घोड्यावरून उतरायला तयार नाही!

नाथमाधव जन्मले १८८२ साली. त्याच साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात नीरेकाठी आमचं वालचंदनगर वसवलं. इथं अजस्र गिअर घडले, इस्रोच्या अग्निबाणांचे भाग घडले. भुयार तेवढं कुणी खणलं नाही. क्वार्टरच्या भिंतीत गुप्त दार शोधायला टकटक करावी, तर पलीकडून शेजारी विचारतो, “काय हो, साखर हवीय का?”

कादंबरीतला वाडा नायिकेला छळतो खरा, पण तो तिचा असतो. तिच्या पणजोबाचं भूतसुद्धा बिनचूक आपल्याच खोलीत येतं. आमचं घर नोकरीपुरतं. वडील रिटायर झाले तेव्हा आईनं भिंतीतले खिळेसुद्धा उपटून पिशवीत घातले. दाराच्या चौकटीवर आम्हा भावंडांच्या उंचीच्या रेघा होत्या, त्या काही उपटता येईनात. पुढं त्यांच्यावरून रंगाचा ब्रश फिरला. आता वडील गेले. उद्या आलेच भेटायला, तर कुठल्या नंबरचं दार वाजवतील?

म्हणून भुयाराचं पान आलं की मी सावकाश वाचतो. बायको स्वयंपाकघरातून ओरडते, “अहो, मागच्या खेपेलाही सुटली होती ती! पानं वाढलीत, या आता.”