केस स्पर्धेची तयारी आणि डबेवाल्यांची दंतकथा

१/ डोंबिवलीत माझे वाणिज्य शाखेचे मित्र केस स्पर्धेची तयारी करू लागले की एक वाक्य हमखास कानी पडते: ‘फोर्ब्सने मुंबईच्या डबेवाल्यांना सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिले.’ हे वाक्य खरे नाही. ते रूढ कसे झाले आणि स्पर्धकाने त्यातून काय घ्यावे, यावर हा थ्रेड.

२/ आधी पद्धतीविषयी. १८७० च्या दशकात लँगडेल यांनी हार्वर्डच्या विधी विद्यालयात प्रत्यक्ष खटल्यांवरून कायदा शिकवायला आरंभ केला. तेथेच शिकलेले वॉलेस डॉनहॅम १९१९ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्रमुख झाले आणि ही रीत व्यापारशिक्षणात आली. सिद्धान्त सांगण्याऐवजी खरा पेच पुढ्यात ठेवायचा आणि विचारायचे: त्या जागी तुम्ही असता तर?

३/ १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या आयआयएमने हार्वर्डच्या सहकार्याने ही पद्धत भारतात रुजवली. २०१० मध्ये प्रवाह उलटा वाहिला: हार्वर्डच्या स्टीफन थॉम्के यांनी डबेवाल्यांवरच केस लिहिली. सुमारे ५ हजार माणसे, रोजचे सुमारे १ लाख ३० हजार डबे.

४/ या व्यवस्थेचे मूळ आपल्या रुळांत आहे. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्यास आणि १८५४ मध्ये कल्याणास पोहोचली. पुढे कचेऱ्या दक्षिणेत राहिल्या, घरे उत्तरेकडे सरकली. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचवणाऱ्यांची संघटित जुळणी केली. मावळ, खेड, जुन्नरकडची माणसे, झाकणावरच्या रंगीत खुणा आणि लोकलचे वेळापत्रक, एवढ्यावर ती उभी राहिली.

५/ मग सिक्स सिग्मा कोठून आले? १९९८ मध्ये फोर्ब्समध्ये डबेवाल्यांवर लेख आला. आपण तो शब्द वापरला नव्हता आणि फोर्ब्सने असे प्रमाणपत्र दिलेले नाही, असे लेखक सुब्रत चक्रवर्ती यांनी पुढे स्वतः स्पष्ट केले. तोवर दंतकथा व्याख्यानांतून गावोगाव पोहोचली होती.

६/ आकडेही पाहा. कोठे ८० लाखांत एक चूक, तर कोठे १ कोटी ६० लाखांत एक. फरक नेमका दुपटीचा! परतीची फेरी मोजली की नाही? चुकांची नोंद कोण ठेवत होते? इतिहासाचा विद्यार्थी प्रथम हेच विचारतो. परीक्षकही हेच विचारू शकतो.

७/ दंतकथेने डबेवाल्यांचा गौरव होतो, पण त्यांची अडचण झाकली जाते. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि डबेही थांबले. जिच्या बळावर अचूकता साधली, त्या रेल्वेवरचे अवलंबित्वच पेच ठरले. २०१० च्या केसमध्ये हे असणे शक्यच नव्हते.

८/ म्हणून केस हाती आली की ती दस्तऐवजासारखी वाचावी. तारीख कोणती? माहिती कोणी दिली? कोणाचे म्हणणे आलेच नाही? कागदाच्या एका बाजूस ठाऊक असलेले, दुसऱ्या बाजूस केवळ अनुमान लिहावे. निर्णय घेणाऱ्याला त्या दिवशी जे ठाऊक नव्हते, त्यावरून त्याला दोषी ठरवू नये.

९/ सरावासाठी एक पेच: जून २०२०. लोकल केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली आहे, बऱ्याच कचेऱ्या घरून चालतात. तुम्ही डबेवाल्यांच्या संघटनेचे सल्लागार आहात. काय सुचवाल? उत्तर खाली लिहा. मात्र २०२० नंतरची माहिती वापरायची नाही.