पहाडावरची माणसं

नगरच्या भुईकोट किल्ल्याजवळची दमडी मशीद आकाराने लहान, पण तिच्या दगडावरची नक्षी बघायला लांबून माणसं येतात. १५६७ मध्ये साहिर खानाने ती बांधली, असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. आमच्या भिंगारमध्ये गोष्ट थोडी वेगळी सांगतात. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्या पैशांतून मशीद उभी राहिली, अशी. खरं-खोटं करायला मी बसलेलो नाही. पण या परिसरातल्या पाचशे वर्षांच्या बांधकामात मजूर दिसतो तो जवळजवळ याच एका गोष्टीत.

बाकी सगळ्यांची नावं आहेत. मलिक अहमदने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेला हरवलं आणि १४९४ मध्ये शहर वसवायला घेतलं. हुसेन निजामशहाने १५५९ पासून मातीच्या किल्ल्याला दगडी रूप दिलं. घेर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, भोवती रुंद खंदक. पाथर्डी रस्त्याने निघालं की डोंगरावर दिसते ती सलाबतखानाची अष्टकोनी, तीन मजली कबर. लोक तिला चांदबीबी महाल म्हणतात. इतक्या उंचीवर दगड चढवताना कोण पडलं, कोण दबलं, चुन्याने कुणाचे डोळे गेले, याची ओळ कुठे सापडत नाही.

माझे वडील, आप्पा, गवंडी होते. मी डिप्लोमा केला आणि लष्करी छावणीतल्या कामांच्या ठेकेदारांकडे सुपरवायझर म्हणून नोकरी काढली. त्यामुळे जुना वाडा बघताना माझी नजर नक्षीदार तुळयांच्या आधी भिंतीतल्या चौकोनी भोकांकडे जाते. ही पहाडाची भोकं.

पहाड म्हणजे काय, ते ज्यांनी बांधला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भिंतीपासून दोन-अडीच हातांवर बल्ल्यांची रांग उभी करायची. बल्ल्यांना आडवे बांबू बांधायचे. मग आखूड बांबूचं एक टोक त्या आडव्याला आणि दुसरं भिंतीत मुद्दाम सोडलेल्या भोकात. त्यावर फळ्या. गवंडी, बिगारी, विटा, गाऱ्याची घमेली, सगळा भार याच्यावर. काम संपलं की पहाड वरून खाली सोडत यायचा आणि भोकं बुजवत यायची. कुणी आळस केला की भोकं तशीच राहतात.

सगळा जीव गाठीत असतो. सुंभ भिजला की आवळतो, उन्हात वाळला की सैल पडतो. म्हणून पावसाची सर येऊन गेली की आप्पा कामाला लागायच्या आधी प्रत्येक गाठ हाताने दाबून बघत. फळीचं टोक आधाराच्या बाहेर फार गेलेलं दिसलं तर थापीने ठोकून म्हणत, "ही फळी नाही, फास आहे. मागं घे." आज छापील नियमांत पहाडाची तपासणी वापराआधी आणि वादळवाऱ्यानंतर करा, असं लिहिलेलं असतं. ते शहाणपण गवंड्याकडे पिढ्यान् पिढ्या होतं. पण नियमामागे दंड असतो. गवंड्याच्या शहाणपणामागे काहीच नव्हतं. मुकादमाने "आजच्या दिवस चालवून घे" म्हटलं की ते संपलं.

आणि अपघात झालाच तर त्याचं उत्तर तयार असे: मोठं काम बळी घेतंच. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथा आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेली असते. बुरुज पुन्हा पुन्हा ढासळत होता, म्हणून मुलगा आणि सून पायात गाडले तेव्हा तो टिकला, अशी ती गोष्ट. धरणांबद्दल, पुलांबद्दल असंच बोललं जाई. खंडेनवमीला थापी, ओळंबा, पाटी पुजायची, स्लॅबच्या दिवशी नारळ फोडायचा, ऐपत असेल तर बोकड कापून सगळ्यांना जेवण घालायचं. या चालीरीतींना मी हसत नाही, त्या जेवणाच्या पंगतीत मी आनंदाने बसलोय. पण बळीच्या समजुतीने एक मोठी सोय करून ठेवली. देवीने माणूस घेतला म्हटलं की गाठ कुणी बांधली होती, हे विचारायला नको.

इंग्रजी अमलात हिशेबाची वही आली, पण तिच्यात मजूर आला तो शिध्याच्या वजनाने. १८७६-७७ च्या दुष्काळात दौंड-मनमाड रेल्वेच्या मातीकामावर आपल्या जिल्ह्यातली उपाशी माणसं लागली. १८७८ मध्ये त्या मार्गावरून गाडी नगरला आली. त्या दुष्काळातच, जानेवारी १८७७ मध्ये, सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला एका पौंडावर आणलं, वर एक आणा. पुण्याच्या सार्वजनिक सभेने विरोध केला, दख्खनमध्ये हजारो मजुरांनी काम सोडलं. बांधकामावरच्या माणसाच्या आरोग्याचा प्रश्न आपल्या भागात जाहीरपणे मांडला गेला तो असा, पोटापासून. उपाशी माणूस टोपली घेऊन भरावावर चढतो तेव्हा त्याचा पाय घसरण्याचं कारण वेगळं शोधावं लागत नाही.

१८८१ मध्ये कारखान्यांचा पहिला कायदा झाला. तो गिरणीच्या फाटकाआतला. इमारतीच्या पायावर आणि पहाडावर तो कधी चढलाच नाही. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं दगडी धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं, उंची ८० मीटरच्या वर, आणि त्याला गव्हर्नर विल्सन यांचं नाव मिळालं. ते काम चालू असतानाच १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. कामामुळे आणि कामावर असताना अपघात झाला तर मालकाने पैसे द्यायचे, हे तत्त्व त्याने आणलं. मोठी गोष्ट होती. पण भरपाई मिळते ती माणूस पडल्यावर. पडू नये म्हणून काय करायचं, ते या कायद्यात नव्हतं.

१९२३ मध्येच मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, म्हणजे आमच्या तोंडी एमईएस, स्थापन झाली. लष्करी छावणीमुळे भिंगारच्या गवंड्या-सुतारांना तिच्या ठेक्यांवर काम मिळत राहिलं. तिथे मी दरपत्रकं वाचायला शिकलो. सरकारी दरपत्रकात विटकामाची बाब अशी लिहिलेली असते की माल, मजुरी, पाणी मारणं आणि पहाड, सगळं धरून अमुक दर. ‘धरून’ या एका शब्दावर पहाडाचा निकाल लागतो. विटा कमी लावल्या तर मोजमाप-पुस्तकात दिसतं. सिमेंट मारलं तर चाचणीत सापडतं. पहाडात दोन बल्ल्या कमी लावल्या, कठडा बांधलाच नाही, तर बिलातला एक रुपयाही कमी होत नाही. स्पर्धेत दर खाली आणणारा ठेकेदार पैसे कुठून काढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आप्पांच्या हयातीत चुना गेला आणि सिमेंट आलं. चुन्याच्या घाणीचा चर आणि दगडी चाक काही ठिकाणी अजून पडलेलं दिसतं. चुन्याने हात सोलायचे म्हणून ते गोडं तेल चोळत. सिमेंटने बोटांच्या पेरांत भेगा पडू लागल्या. खरा बदल झाला तो स्लॅबमुळे. धोका आता कडेसोबत डोक्यावरही आला. ओला स्लॅब सेंटरिंगच्या टेकूंवर उभा असतो आणि ते टेकू कधी काढायचे याला भारतीय मानक ४५६ मध्ये उत्तर आहे: साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. भाड्याचं सेंटरिंग दुसऱ्या कामावर न्यायची घाई असते, म्हणून हे आकडे पाठ असूनही मोडले जातात.

एका खाजगी कामावर मी असताना सेंटरिंगचा एक पोरगा कडेवरून मागच्या मागे गेला. कमरेचं हाड मोडलं. कठडा नव्हता. ठेकेदाराने दवाखान्याचं बिल भरलं, घरी थोडे पैसे पोचवले आणि प्रकरण मिटलं म्हणून सांगितलं. त्याच्या आईने मला एवढंच विचारलं, "दादा, कुठं नाव नोंदलेलं होतं का त्याचं?" नव्हतं.

नाव नोंदण्याची सोय आली १९९६ मध्ये. कामगार संघटनांनी वर्षानुवर्षं रेटा लावल्यावर इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा संसदेत झाला. पहाड, खोदाई, टेकू, हेल्मेट, कठडा, पिण्याचं पाणी, संडास, पाळणाघर, सगळं त्यात आणि त्याखालच्या नियमांत आलं. सोबत बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर. मशिदीच्या गोष्टीतली दमडी मजुराच्या कमाईतून गेली होती. उपकर बांधणाऱ्याच्या खिशातून येतो, हा फरक मला फार मोठा वाटतो. महाराष्ट्राचे नियम २००७ चे, कल्याणकारी मंडळ २०११ चं. वर्षात ९० दिवस काम केलेला, १८ ते ६० वयाचा कामगार नोंद करू शकतो. जमलेला पैसा मजुरांपर्यंत पोचत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांना कडक शब्दांत सुनावलं. आता सुरक्षा संचाची पेटी भिंगारच्या घराघरांत दिसते. हेल्मेट पुष्कळदा पेटीतच असतं, कारण उन्हात डोकं तापतं आणि हजेरी काही हेल्मेटवर मिळत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९९६ चा कायदा त्यांत सामावला गेला. कामावर किमान दहा मजूर असतील तरच कायदा लागू, ही अट राहिली. स्वतःच्या राहत्या घराला सूट होती १० लाखांपर्यंत, ती ५० लाखांपर्यंत गेली. भिंगारमध्ये बांधली जाणारी बहुतेक घरं याच रेघेच्या आत बसतात: एक मिस्त्री, दोन गवंडी, चार-पाच बिगारी. म्हणजे जिथे आमची माणसं रोज चढतात, तिथे सरकारी निरीक्षक येणार नाही.

अशा ठिकाणी मालक म्हणजे तुम्ही-आम्हीच. घर बांधायला काढणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो. ठेकेदाराशी दर ठरवताना पहाड, कठडा आणि टेकूंचे दिवस स्क्वेअर फुटाच्या दरात मिसळू देऊ नका. कागदावर त्यांची वेगळी ओळ करा, तिच्यापुढे वेगळी रक्कम लिहा आणि काम बघून ती द्या. वास्तुशांतीच्या जेवणाचा आकडा आपण वेगळा लिहितोच की!